वायर कापण्याआधी...

मैत्रिणींनो, आज आधी एक कबुली देते आणि मगच मुद्द्यावर येते. २०२५च्या मे महिन्यातले ते चार दिवस आठवतात ना? 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं होतं, टीव्ही रात्रभर चालू आणि हातातला मोबाइल खाली ठेववत नव्हता. ८ मेच्या रात्री आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. काळोखं आकाश, खालून वर जाणाऱ्या तोफगोळ्यांच्या लालभडक रेषा आणि मग एक विमान पेट घेऊन खाली येतं. सोबत लिहिलेलं, 'आपलं विमान पाडलं.' मी क्षणभरही विचार न करता तो आणखी चार ग्रुपवर पाठवून दिला. हो, मीच! गावोगाव फिरून बायकांना 'कागद वाचल्याशिवाय सही करू नका' असं सांगणारी मी!

त्यातल्या एका ग्रुपवर आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत. त्यांचा मुलगा हवाई दलात, विमानांच्या देखभालीच्या कामावर, आणि नेमणूक तिकडे पंजाबात. अकरा वाजता त्यांच्या सुनेचा फोन आला. 'काकू, आईंना दरदरून घाम सुटलाय. ह्यांचा फोन लागत नाहीये. तुम्ही पाठवलंय म्हणजे खरंच असणार ना?' मला काही बोलताच येईना. तेवढ्यात माझा मुलगा पाणी प्यायला उठला होता, त्याने माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावलं आणि म्हणाला, 'आई, हा आर्मा थ्री आहे.'

'काय आहे?'

'गेम आहे गं. कॉम्प्युटरवरचा. बघ ना, प्रत्येक स्फोटाचा धूर कसा छापल्यासारखा एकसारखा. एवढा गोळीबार चाललाय आणि एक माणूस पळताना दिसत नाही. आवाज तर नाहीच.' मग थोडं थांबून, 'तूच पाठवलास?'

मैत्रिणींनो, त्या 'तूच पाठवलास?'चा अर्थ मला बरोब्बर कळला. कारण याच मुलाच्या दहावीच्या परीक्षेआधी, फेब्रुवारीत, मी त्याच्या जॉयस्टिकची वायर भाजीच्या कात्रीने कापली होती. 'दिवसभर विमानं पाडायची, माणसं मारायची, हेच शिकलास का?' असं ओरडून! त्याने अकरा दिवस अबोला धरला होता. आणि आता, जे ज्ञान मी कात्रीने तोडलं होतं, त्याच ज्ञानाने एका आईचा जीव भांड्यात पडला. मी ताईंना फोन केला, पाचही ग्रुपवर माफी मागितली. पुढे कळलं की हा गेम बनवणाऱ्या झेक कंपनीने, बोहेमिया इंटरॅक्टिव्हने, नोव्हेंबर २०२२मध्येच जाहीर सांगितलं होतं की आमच्या गेमचे तुकडे खऱ्या युद्धाचे म्हणून फिरवले जातात. ते ओळखायचे कसे, हेही सांगितलं होतं : चित्र धूसर, कॅमेरा हलता, बहुधा रात्र, आवाज नाही, हालचाल करणारी माणसं नाहीत. माझ्या व्हिडिओत यातलं जवळजवळ सगळं होतं. पुढच्या वेळी 'फॉरवर्ड'वर बोट ठेवण्याआधी तुम्ही एवढं तरी बघाच.

तर, माझ्या मानधनातून मी नवी जॉयस्टिक आणली. अट एकच घातली, 'तू खेळताना मी शेजारी बसणार.' तो म्हणाला, 'बस, पण कंटाळशील.' आज या लेखात मला आईवर्गाला हेच सांगायचंय. मुलगा काय खेळतो ते बंद करायचं की चालू ठेवायचं, हे दारात उभं राहून ठरवू नका. महिनाभर शेजारी खुर्ची टाका.

माझी कल्पना होती, धडाधड गोळ्या आणि रक्त. तो खेळत होता 'इल-टू स्टुर्मोविक : १९४६'. मूळ गेम २००१चा, ही आवृत्ती २००६ची, त्यामुळे आमच्या जुन्या सेकंडहँड कॉम्प्युटरवरही चालते. याला सिम्युलेशन म्हणतात. म्हणजे विमानाचं वजन, वारा, इंजिनाची ताकद, सगळं शक्य तेवढं खऱ्यासारखं. अगदी खरं सांगते, पहिले तीन दिवस मला ते विमान धावपट्टीवरून उचलता आलं नाही! लढाई तर लांबच.

पहिला धडा तिथेच. पुढचा पंखा जोरात फिरला की त्या अमेरिकन विमानाचं तोंड डावीकडे ओढलं जातं. मी एकदम सगळं इंजिन द्यायची आणि विमान गवतात! मुलगा म्हणाला, 'आई, दूध ठेवल्यावर गॅस एकदम मोठा करतेस का? हळूहळू वाढव आणि उजवीकडचा रडर आधीपासूनच थोडा देऊन ठेव.' जमलं.

मग वर गेले, तर विमान दगडासारखं खाली. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडलं असं मला वाटलं, पण तसं नसतं. नाक फार वर उचललं की पंखावरून वाहणारी हवा पंखाला सोडून देते आणि मग पंख विमान पेलू शकत नाही. आता विमान पडतंय म्हटल्यावर आपला हात काय करतो? दांडा आणखी मागे ओढतो, नाक आणखी वर! आणि तेच चुकतं. जमीन समोर दिसत असताना दांडा पुढे ढकलायचा, नाक खाली जाऊ द्यायचं, वेग येऊ द्यायचा आणि मगच हलक्या हाताने वर घ्यायचं. हे करायला मला आठवडा लागला. डोक्याला कळतं हो, हाताला कळत नाही. नवीन शिकणाऱ्यांसाठी एक सांगते. या गेममध्ये 'खरेपणाच्या' अटी एकेक करून चालू-बंद करता येतात. इंजिन तापण्याची अट सुरुवातीला बंद ठेवा, पण स्टॉलची कधीच बंद करू नका. ती बंद केली तर उडायला शिकलोय असं नुसतं वाटतं.

लढाईचं म्हणाल, तर सगळा मामला आमच्या बचत गटाच्या वहीसारखा निघाला. विमानाकडे दोन प्रकारचा पैसा असतो. उंची ही बँकेतली ठेव आणि वेग ही हातातली रोख. खाली सूर मारला की ठेव मोडून रोख हातात येते. वर चढलात की रोख पुन्हा ठेवीत जाते. पण गरकन वळलात तर रोख खर्चच होते, ती काही परत येत नाही. इंजिन म्हणजे महिन्याचा पगार, ठरावीकच मिळणार. नवशिका पोरगा शत्रू दिसला रे दिसला की गिरक्यांवर गिरक्या घेतो आणि दोन मिनिटांत कफल्लक होऊन खाली लटकतो. मुरलेला खेळाडू वरून येतो, एकदाच झडप घालतो, लागलं तर लागलं, नाही तर सरळ निघून पुन्हा उंची गाठतो. जोरात वळताना पडदा काळा होतो तो वेगळाच. माणसाचं रक्त डोक्यातून पायाकडे उतरतं म्हणून खऱ्या वैमानिकाला अंधारी येते, तेच इथे दाखवलंय.

गोळ्यांचाही हिशेब. वाइल्डकॅट नावाच्या अमेरिकन विमानाच्या सहा बंदुकांच्या प्रकारात सलग चाप दाबून ठेवला, तर वीस सेकंदांच्या आत सगळा साठा संपतो. वीस सेकंद! म्हणून अगदी जवळ जायचं, श्वास रोखायचा, टिचकी मारल्यासारखं एक-दीड सेकंद आणि बास. नेम पण विमानावर नाही धरायचा, ते जिथे पोचणार आहे तिथे धरायचा. माझं माहेर येवल्याचं. संक्रांतीला गच्चीवर आसारी धरून वाढलेली मी. पेच लागल्यावर ढील कधी द्यायची आणि खेचायचं कधी, हे अंगात मुरलेलं, तेवढं मला लवकर आलं. मुलगा चकितच झाला!

आता या सगळ्यात मला जी गोष्ट सगळ्यात आवडली ती सांगते. १९४१ साल. जपानचं झीरो नावाचं विमान किती चपळ आहे, याची खबर अमेरिकी नौदलात आली होती. झीरो हलकं, चटकन वळणारं, भराभर चढणारं. इतकं हलकं का, तर वैमानिकामागे चिलखत नाही आणि गोळी लागल्यावर आपोआप बुजणारी पेट्रोलची टाकी नाही. अमेरिकेचं वाइल्डकॅट भक्कम, पण जड. एकास एक गिरक्या घेतल्या तर वाइल्डकॅट मेलंच. जॉन थॅच नावाचा एक अधिकारी तेव्हा कॅलिफोर्नियात कोरोनाडो इथे राहत होता. तो रात्री घरी यायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून बसायचा. एक काडी म्हणजे एक विमान. हलक्या विमानापुढे जड विमानाने तगायचं कसं?

उत्तर त्याला दोन काड्यांत मिळालं. तुम्हीही ओट्यावर करून बघा, मी केलंय. दोन काड्या शेजारी-शेजारी ठेवा, मध्ये एका वळणाला पुरेल एवढं अंतर. तिसरी काडी, म्हणजे शत्रू, एकीच्या मागे लावा. आता पळायचं नाही. दोघींनी एकमेकींकडे वळायचं. वळल्यावर दोघी एकमेकींना ओलांडून जातात आणि जी पाठलागावर आलेली असते, ती आपोआप दुसरीच्या बंदुकीसमोर येते. ती सोडून गेली तर ठीक, नाही तर पुन्हा वळायचं, पुन्हा ओलांडायचं. वेणी घालतो ना, तशी. पुढे याला 'थॅच वीव्ह' नाव पडलं. ओ'हेअर नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने ते आकाशात करून पाहिलं. (शिकागोला मुलांकडे जाणाऱ्या मैत्रिणी ज्या विमानतळावर उतरतात, तो याच ओ'हेअरच्या नावाचा!) आणि ४ जून १९४२ला मिडवेच्या लढाईत थॅचने ते पहिल्यांदा खऱ्या शत्रूसमोर वापरलं. स्वतः वाचला. पण ज्या टॉर्पेडो विमानांना सांभाळायला तो गेला होता, त्यातली बहुतेक परतली नाहीत, हेही मुलांना सांगायला हवं.

हा डाव खेळायला दोघं लागतात आणि अवघड काय असेल तर वळणं नव्हे, भरवसा. मागे शत्रू लागलेल्याला वाटतं लांब पळावं. जोडीदाराकडे वळायचं म्हणजे त्याच्यासमोर स्वतःला आणून ठेवायचं. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बायकांमध्ये मी हे रोज बघते. घरात त्रास सुरू झाला की बाई पहिल्यांदा मैत्रिणींना टाळायला लागते. असो, विषय भरकटला.

मुलाचा जोडीदार कोण व्हायचं? त्याचा मित्र दर वेळी शिकार दिसली की साथ सोडून पळायचा. तेव्हा आमची धाकटी, आठवीतली, दारातून म्हणाली, 'दादालाच का गं जॉयस्टिक? मला कधी विचारलंस?'

खरंच, मी विचारलंच नव्हतं. घरात कॉम्प्युटर आला तेव्हा तो 'दादाचा कॉम्प्युटर' म्हणूनच आला. जॉयस्टिक त्याची, वायर कापली तीही त्याची, माफी मागितली तीही त्याची. ती कुठे होतीच नाही. तुमच्याकडे बघा एकदा, मोबाइल-कॉम्प्युटरची खुर्ची कोणाच्या नावावर आहे ते.

तिला बसवलं. मुलाने शेजारच्या जुन्या लॅपटॉपवर दुसरं विमान घेतलं. चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, 'आई, ही माझ्यापेक्षा चांगली विंगमन आहे. ही सारखी मागे बघते.' या खेळात बहुतेक जण मरतात ते न दिसलेल्या विमानाकडून. समोरच्याला पाडायच्या नादात मागे बघायचं राहतं. मुलगा हे सहा महिने शिकत होता. तिला शिकवावं लागलं नाही. का लागलं नाही, हे मला कळलं आणि वाईट वाटलं. संध्याकाळी ट्यूशनहून सायकलवर येणारी आमच्या गावातली कुठली मुलगी मागे बघत येत नाही?

तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, 'यात बायका होत्या का?' होत्या तर! सोव्हिएत रशियात एक अख्खी रेजिमेंट बायकांची होती. लाकूड आणि कापडाची पो-टू नावाची साधी विमानं, रात्रीच्या अंधारात इंजिन मंद करून तरंगत जायची आणि बॉम्ब टाकून परत यायची. जर्मन त्यांना रात्रीच्या चेटकिणी म्हणायचे. १९४२ ते १९४५मध्ये त्यांनी तेवीस हजारांहून जास्त उड्डाणं केली. मजा अशी, की त्यांचं विमान इतकं हळू होतं की जर्मन लढाऊ विमान तेवढं हळू उडू पाहील तर स्टॉल होऊन पडेल! आपल्याकडे १८ जून २०१६ला अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग हवाई दलाच्या लढाऊ शाखेत आल्या. खडकवासल्याच्या एनडीएमधून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, मे २०२५मध्ये बाहेर पडली. धाकटीने यातलं काय मनावर घेतलंय ते अजून कळत नाही. गणित मात्र अचानक आवडायला लागलंय.

आता दुसरी बाजू. गटातल्या बायका मला विचारतात, 'अहो, पण हे युद्धच ना? मुलं हिंसक नाही का होणार?' मी 'नाही' म्हणून हात झटकत नाही. खेळ कितीही खरा असला, तरी त्यात पडल्यावर एक बटण येतं, पुन्हा उडा. आम्ही निफाड तालुक्यातले. ओझरच्या कारखान्यातून निघालेली विमानं डोक्यावरून जाताना बघतच आमची मुलं मोठी झाली. ४ जून २०२४ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, शिरसगावच्या शेतात सुखोई कोसळलं. दोन्ही वैमानिक पॅराशूटने उतरले म्हणून वाचले. बघे मोबाइल काढून धावले होते. तिथे ते बटण नव्हतं.

म्हणून शेजारी बसायचं. ज्या विमानाच्या नावाने हा गेम आहे, त्या इल-टूमध्ये पुढे वैमानिक आणि मागे बंदूकवाला बसायचा. वैमानिकाभोवती पोलादी चिलखत होतं, मागच्याला तसं नव्हतं. मागच्याला धोका जास्त होता. मी मुलाला म्हटलं, 'तू नेहमी पुढेच बसतोस. आज मागे बस.' तो बसला. दोनदा मेला. मग बराच वेळ गप्प होता. हे काम गेम करत नाही, कंपनी करत नाही, शाळाही करत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं आणि दारातून ओरडून ते होत नाही.

बाकी शिस्त आमच्याकडे आहेच. शनिवार-रविवार दोन तास. अनोळखी माणसांशी बोलायचं नाही. नवी विमानं विकत घ्यायची नाहीत. डीसीएस वर्ल्ड नावाचा दुसरा गेम फुकट मिळतो आणि त्यात दोन विमानंही फुकट येतात, पण पुढच्या एकेका विमानाचे पैसे ऐकून यांनी, म्हणजे मुलांच्या बाबांनी, कपाळाला हात लावला. द्राक्षाला औषध मारायचं की विमान घ्यायचं! आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात मी यातलं काहीच देणार नाही.

दिवाळीत त्या ताई मुलाला घेऊन फराळाला आल्या. तो सुट्टीवर होता. धाकटी खेळत होती, तर तो मागे उभा राहून बघत राहिला. तिने एक झीरो पाडलं, आनंदाने ओरडली आणि 'एस्केप' दाबून बाहेर पडणार, तोच तो म्हणाला, 'बंद का करतेस? विमान परत आण की.'

'दादा, पंधरा मिनिटं नुसतं समुद्रावरून उडायचं?'

'मग? विमान उतरेपर्यंत आम्ही खाली उभेच असतो.'

तिने माझ्याकडे बघितलं आणि विमान वळवलं. मी आत जाऊन कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करून परत आले, तरी पडद्यावर नुसतं निळं पाणी. कोणी बोलत नव्हतं. मग एक बेट दिसलं, त्यावर धावपट्टी. वेग कमी, नाक किंचित वर, चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली आणि विमान एकदाचं थांबलं. सोफ्यावर बसलेल्या ताईंनी हातातली चकली खाली ठेवली आणि विचारलं, 'पोचली का गं?'